ओळीच्या टोकाची रेघ : संयोगचिन्हाभोवतीचा शब्दविच्छेद आणि मराठी मुद्रण

१. एका शब्दाची अडचण

म्हैसूरहून हुणसूरच्या वाटेला लागले की काही मैलांवर येलवाल हे गाव लागते. २१ व २२ सप्टेंबर १९५७ या दोन दिवशी येथे ग्रामदान परिषद भरली होती. विनोबा भावे पदयात्रा करीत म्हैसूर राज्यात आले होते. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू, केरळचे तत्कालीन मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद आणि निरनिराळ्या पक्षांचे पुढारी येथे एकत्र बसले आणि अखेरीस ग्रामदानाच्या चळवळीस पाठिंबा देणारे संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. या परिषदेचे सामाजिक वा राजकीय मोल ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. आपणांस येथे त्या परिषदेच्या नावातील एका शब्दाकडेच पाहावयाचे आहे. तो शब्द म्हणजे ‘ग्रामदान’.

एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला. पुढल्याच वर्षी उत्तर प्रदेशातील मंगरोठ हे पहिले संपूर्ण गाव दान म्हणून मिळाले. म्हणजे येलवालची परिषद भरली त्या वेळी ‘ग्रामदान’ हा शब्द या अर्थाने जेमतेम पाच वर्षांचा होता. नव्या सामासिक शब्दाचे लेखन आरंभी स्थिर नसते. त्याची दोन पदे कधी सुटी लिहिली जातात, कधी मध्ये संयोगचिन्ह देऊन जोडली जातात आणि वापर रुळला की ती एकजीव होतात. ‘भूदान यज्ञ’, ‘भूदान-यज्ञ’ व ‘भूदानयज्ञ’ अशी तिन्ही रूपे वाचकांच्या पाहण्यात आली असतील. शब्द कोणत्या काळी कोणत्या अवस्थेत होता हे कोशकाराला आणि भाषेच्या अभ्यासकाला त्या लहानशा रेघेवरून कळते.

आता अशी कल्पना करावी की, त्या काळच्या एखाद्या छापील मजकुरात एक ओळ ‘ग्राम-’ अशी संपते आणि पुढली ओळ ‘दान’ या अक्षरांनी सुरू होते. लेखकाने मूळ हस्तलिखितात काय लिहिले होते, ‘ग्रामदान’ की ‘ग्राम-दान’? जुळाऱ्याने ओळीत जागा पुरली नाही म्हणून रेघ घातली की ती मुळातच होती? छापलेल्या पानावरून याचे उत्तर देता येत नाही. एका खिळ्याने दोन निरनिराळी कामे केली आणि दोहोंतला भेद पानावरून कायमचा पुसला गेला. हा भेद कसा राखावा, आणि ओळ कोठे मोडू द्यावी व कोठे देऊ नये, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

२. चिन्ह एक, कामे चार

मराठीत या आडव्या लहान रेघेला आपण संयोगचिन्ह म्हणतो. शालेय व्याकरणांत तिच्याविषयी दोनच गोष्टी सांगितलेल्या असतात : दोन शब्द जोडताना आणि ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिल्यास हे चिन्ह वापरावे. जुळणीच्या दृष्टीने एवढे वर्गीकरण पुरेसे नाही. प्रत्यक्षात चार प्रकार संभवतात.

पहिला प्रकार ‘आई-वडील’, ‘ने-आण’, ‘बेळगाव-कोल्हापूर’ अशा शब्दांतला. येथे रेघ शब्दाच्या लेखनाचाच भाग आहे आणि गरज पडल्यास तिच्यानंतर ओळ मोडण्यास हरकत नाही. याला आपण ‘स्थिर’ संयोगचिन्ह म्हणू.

दुसरा प्रकार ओळ पुरली नाही म्हणून येणाऱ्या रेघेचा. ती शब्दाची नसून ओळीची आहे. तोच मजकूर अधिक रुंद स्तंभात जुळविला तर ती नाहीशी झाली पाहिजे. ही ‘प्रासंगिक’ रेघ होय.

तिसरा प्रकार ‘क-वर्ग’, ‘य-श्रुती’, ‘अ-मराठी’, ‘१९५६-५७’ यांतला. येथे रेघ शब्दाचीच आहे, परंतु तिच्यानंतर ओळ मोडली तर एकच अक्षर किंवा अर्धा आकडा मागे लोंबकळत राहतो. व्याकरणविषयक लेखनात प्रत्यय दाखविताना आपण ‘-ला’, ‘-हून’ असे लिहितो, तेही याच वर्गात मोडते. ही ‘अभंग’ रेघ होय. तिच्यापाशी ओळ मोडू नये.

चौथा प्रकार ‘स्त्री- आणि पुरुषवाचक’, ‘पूर्व- व उत्तरपद’ अशा रचनांतला. दोन शब्दांचे उत्तरपद सामाईक असल्याने पहिल्या शब्दापुढे ते गाळले आहे आणि गाळल्याची खूण म्हणून रेघ ठेवली आहे. रेघेनंतर मोकळी जागा येते. या प्रकाराला ‘अध्याहृत’ संयोगचिन्ह म्हणता येईल.

वाचकाला हे चारही प्रकार एकसारखेच दिसतात. तो संदर्भाने अर्थ लावतो आणि सहसा चुकत नाही. जुळणी करणाऱ्या यंत्राला मात्र संदर्भ कळत नाही. त्याला चार प्रकारांसाठी चार वेगळ्या सूचना दिल्या नाहीत तर ते चारही ठिकाणी एकच नियम चालविते.

३. जर्मन भाषेचा अनुभव

हा प्रश्न ज्या भाषेने सर्वांत गंभीरपणे हाताळला तिचा थोडा परिचय येथे उपयुक्त ठरेल. म्हैसूरच्या मुद्रणाचा जर्मनीशी एक प्रत्यक्ष संबंधही आहे. शालेय पाठ्यपुस्तकांच्या छपाईसाठी केंद्र सरकारने म्हैसूर, भुवनेश्वर व चंडीगढ येथे जी तीन मुद्रणालये उभारली, ती तत्कालीन पश्चिम जर्मनीने भेट दिलेल्या यंत्रसामग्रीवर उभी राहिली होती. २०१७ साली सरकारी छापखान्यांची पुनर्रचना करताना ही मुद्रणालये बंद करून त्यांच्या जमिनी त्या त्या राज्यांकडे परत देण्याचे ठरले. यंत्रे आली आणि गेली. त्या देशाच्या मुद्रकांनी शब्द मोडण्याचा जो विचार केला, तो मात्र आपण अद्याप पुरता घेतलेला नाही.

जर्मन भाषेत सामासिक शब्द जोडून लिहितात आणि ते फार लांब होतात. अरुंद स्तंभात असे शब्द मोडल्यावाचून गत्यंतर नसते. साहजिकच शब्द कोठे मोडावा हा तेथे शुद्धलेखनाचाच एक अधिकृत विषय झाला. मोड चुकली तर अर्थ कसा पालटतो याचे तेथील एक प्रसिद्ध उदाहरण ‘श्टाउबेकेन’ या शब्दाचे आहे. ‘श्टाउ’ नंतर मोडल्यास त्याचा अर्थ पाणी अडविण्याचे तळे असा होतो. ‘श्टाउब’ नंतर मोडल्यास तोच शब्द धुळीचे कोपरे असा वाचला जातो.

१९९६ च्या लेखनसुधारणेपर्यंत तेथे आणखी एक विलक्षण नियम होता. ‘त्सुकर’ म्हणजे साखर, या शब्दातील ‘क’ दोन निरनिराळ्या अक्षरचिन्हांच्या जोडीने लिहितात. शब्द तेथे मोडला की पहिले चिन्ह बदलून दोन्हीकडे एकच चिन्ह छापले जाई. अर्थात ओळ मोडल्यामुळे शब्दाचे लेखनच बदलत असे आणि ओळ पुन्हा जोडताना ते मूळपदावर आणावे लागे. १९९६ च्या सुधारणेने हा नियम काढून टाकला. त्याच सुधारणेने शब्दारंभीचा एकटा स्वर ओळीच्या शेवटी ठेवण्यास मुभा दिली होती. २००६ साली ती मुभा मागे घेण्यात आली. एकटे अक्षर ओळीच्या टोकाशी सोडले की वाचक अडखळतो, हा अनुभव त्यामागे होता. हे आपल्याही कामाचे आहे.

अमेरिकेतील डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ च्या सुमारास ‘टेक’ ही संगणकीय जुळणीची पद्धती सिद्ध केली. त्यांचे विद्यार्थी फ्रँक लियांग यांनी १९८३ च्या आपल्या प्रबंधात अक्षरांच्या साच्यांवरून शब्द मोडण्याची रीत दिली. या पद्धतीत एक मर्यादा होती. शब्दात लेखकाने स्वतः रेघ दिली असेल तर यंत्र त्या रेघेनंतर ओळ मोडू शके, परंतु त्या शब्दाच्या उरलेल्या भागात कोठेही मोडत नसे. इंग्रजीस हे चालून गेले. जर्मनीत मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंची पदे लांब असत आणि ओळी विस्कटू लागल्या. तेव्हा जर्मन वापरकर्त्यांनी चार आखूड आज्ञा प्रचारात आणल्या. एकीने प्रासंगिक मोडीची जागा सांगता येते आणि बाकीचा शब्दही मोडता राहतो. दुसरीने रेघ छापली जाते पण तेथे ओळ मोडत नाही. तिसरीने रेघ छापली जाते, तिच्यानंतर ओळ मोडू शकते, शिवाय दोन्ही बाजूंची पदेही मोडू शकतात. चौथीने रेघ न छापता केवळ मोडण्याची परवानगी दिली जाते. तिरप्या रेघेनंतर किंवा लांब पत्त्यात तिचा उपयोग होतो.

भुयारी रेल्वेला जर्मनमध्ये ‘ऊ-बान’ म्हणतात. त्यातील एकाक्षरी ‘ऊ-’ ओळीच्या शेवटी एकटा राहू नये म्हणून तेथे दुसरी आज्ञा द्यावयाची. ‘आइन- उंड आउसगांग’, म्हणजे प्रवेश व निर्गम, ही तर आपल्या चौथ्या प्रकाराचीच रचना होय. मागील भागात केलेले वर्गीकरण केवळ कल्पनेतून आलेले नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

४. मराठीची स्थिती

आपल्या जुन्या पोथ्यांत हा प्रश्नच नव्हता. शब्दांत मोकळी जागा सोडण्याचा प्रघात नसल्याने पत्राची कड आली की लेखक कोणत्याही अक्षरापाशी थांबे आणि खालच्या ओळीत पुढे चालू लागे. मोडी लिपीतील कागदपत्रांतही ओळ अखंड चालते. शब्द वेगळे करण्याचे काम वाचकाचे होते आणि संपादकाला ते आजही करावे लागते.

श्रीरामपूर येथे १८०५ साली विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांत छापले गेले. मुद्रणाबरोबर शब्दांमधील मोकळी जागा आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नाने विरामचिन्हेही मराठीत रुळली. शब्द सुटा झाल्याबरोबर तो ओळीच्या शेवटी मोडण्याचा प्रश्न उभा राहिला. खिळ्यांच्या काळात त्याचे उत्तर जुळाऱ्याच्या हाती होते. स्टिकमध्ये ओळ भरत आली की शब्द पुढे ढकलावा, मधल्या जागा वाढवाव्यात की शब्द मोडावा, हे तो क्षणात ठरवी. त्याला मराठी येत असल्यामुळे ‘मुलाखत’ हा शब्द ‘मुला-’ आणि ‘खत’ असा तो सहसा मोडीत नसे. त्याच्याकडून चूक झाली तर मुद्रितशोधक ती दुरुस्त करी. नियम लिहून ठेवलेले नव्हते, कारण ते माणसांच्या अंगवळणी पडले होते.

ती माणसे आता जुळणीच्या खोलीत नाहीत, आणि त्यांचे ज्ञान कागदावर उतरविण्याचे कामही फारसे झालेले नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांपैकी १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांचा मुख्य भर अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि रूपविचार यांवर आहे. बापूराव नाईक यांच्यासारख्या व्यासंगी मुद्रकाने देवनागरी मुद्राक्षरांचा विस्तृत अभ्यास केला. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने तीन खंडांत प्रसिद्ध केला. अक्षराच्या घडणीकडे आपण लक्ष दिले, त्या मानाने ओळीच्या टोकाकडे कमी दिले.

मराठीला या बाबतीत इंग्रजीपेक्षा जर्मन जवळची आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. ‘कार्यकर्त्यांसाठीसुद्धा’, ‘विद्यापीठांमधल्याप्रमाणेच’ असे शब्द रोजच्या लेखनात येतात. वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभात असा शब्द मोडला नाही तर आधीच्या ओळीत दोन-तीन शब्दच उरतात आणि त्यांच्यामध्ये मोठी भगदाडे पडतात. यावर मल्याळम व तमिळ वृत्तपत्रांनी स्वीकारलेला उपाय म्हणजे अक्षरापाशी शब्द मोडावयाचा आणि बहुधा कोणतेही चिन्ह द्यावयाचे नाही. मराठी वाचकाची सवय तशी नाही. रेघ दिसली नाही तर तो पुढील अक्षरे स्वतंत्र शब्द म्हणून वाचतो. तेव्हा आपणांस मोडावयासही हवे आणि रेघही हवी. म्हणूनच नियमही हवेत.

५. मराठीसाठी काही नियम

पुढील नियम मराठी शब्दाच्या घडणीवरून सुचविले आहेत.

(अ) अक्षर अभंग मानावे. मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व विसर्ग हे आपल्या व्यंजनापासून वेगळे करू नयेत. जोडाक्षर मोडू नये. ‘उद्घाटन’ हा शब्द ‘उद्-’ आणि ‘घाटन’ असा मोडल्यास लेखकाने न लिहिलेला पाय मोडलेला ‘द्’ छापावा लागतो आणि शब्दाचे रूप बदलते. ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र खास मराठीचा आहे. तो पुढील व्यंजनापासून तोडू नये.

(आ) मोडीच्या दोन्ही बाजूंस किमान दोन अक्षरे असावीत. ‘गावात’ या शब्दाचा ‘त’ खाली एकटा पाठवू नये. ‘अवघड’ या शब्दाचा ‘अ’ वर एकटा ठेवू नये.

(इ) शब्द घडणीच्या सांध्यावर मोडावा. सामासिक शब्द पदांच्या सीमेवर, आणि प्रत्यययुक्त शब्द सामान्यरूप व शब्दयोगी अव्यय यांच्या सीमेवर मोडावा. ‘नवल-कथा’, ‘दिवाण-खाना’, ‘मंगळ-वार’, ‘पुस्तका-मध्ये’, ‘गावा-पर्यंत’ हे योग्य. ‘नव-लकथा’, ‘दिवा-णखाना’, ‘मंग-ळवार’ हे अयोग्य. ळ आणि ण या अक्षरांनी मराठी शब्द सहसा सुरू होत नाही, म्हणून ती ओळीच्या आरंभी आली की डोळ्याला खटकतात. ही खूण मुद्रितशोधकाने ध्यानात ठेवावी.

(ई) मोडलेला तुकडा भलताच शब्द होत असेल तर ती मोड टाळावी. ‘विना-शकारी’ वाचताना वाचक प्रथम ‘विना’ असे वाचतो. व्याकरणदृष्ट्या योग्य असलेली मोडही कधी फसवी ठरते. ‘आजार-पण’ आणि ‘राज-कारण’ या मोडी सांध्यावरच आहेत. तरी नव्या ओळीच्या आरंभी ‘पण’ किंवा ‘कारण’ आले की वाचकाला ते उभयान्वयी अव्यय वाटते आणि त्याला मागे वळून वाक्य पुन्हा वाचावे लागते. अशा ठिकाणी शब्द संपूर्ण खाली न्यावा.

(उ) ज्या शब्दात स्थिर रेघ आहे तो शक्यतो त्या रेघेपाशीच मोडावा आणि दुसरी रेघ वाढवू नये. ‘आई-वडिलांबरोबर’ हा शब्द ‘आई-’ नंतर मोडावा. स्तंभ फारच अरुंद असेल तर ‘आई-वडिलां-’ आणि ‘बरोबर’ ही मोड क्षम्य मानावी, ‘आई-वडि-’ ही मानू नये.

(ऊ) एकाक्षरी पूर्वपद असलेले शब्द, सालांच्या व पृष्ठांच्या जोड्या आणि प्रत्ययदर्शक रूपे रेघेपाशी मोडू नयेत. ‘क-वर्ग’, ‘१९५६-५७’, ‘पृ. १२०-१३५’, ‘-ला’ ही सर्व अभंग मानावीत.

(ए) अध्याहृत रेघेनंतरच्या मोकळ्या जागी ओळ मोडणे शक्य तेवढे टाळावे. ओळ ‘स्त्री-’ अशी संपली आणि पुढली ‘आणि पुरुषवाचक’ अशी सुरू झाली, तर रेघ प्रासंगिक समजून वाचक क्षणभर ‘स्त्रीआणि’ असे जोडू पाहतो.

या नियमांची कसोटी पाहण्यासाठी एकच वाक्य घेऊ : “‘-स’ आणि ‘-ला’ हे प्रत्यय द्वितीया- व चतुर्थीविभक्तीत येतात.” या लहानशा वाक्यात दोन अभंग रेघा आणि एक अध्याहृत रेघ आहे. यंत्राने ‘-ला’ मधील रेघ एका ओळीच्या टोकाशी ठेवली आणि ‘ला’ पुढल्या ओळीत नेले, तर मराठी नव्याने शिकणाऱ्याला रेघ मागील शब्दाची वाटेल आणि ‘ला’ हा स्वतंत्र शब्द वाटेल. पुण्याच्या पश्चिम विभागीय भाषा केंद्रासारख्या ठिकाणी इतर भाषिक शिक्षक मराठी शिकतात. मराठी ज्याची मातृभाषा आहे तो अशी चूक नकळत सावरून घेतो. शिकणारा ती पाठ करतो. पाठ्यपुस्तकाच्या जुळणीत म्हणूनच या नियमांचे महत्त्व अधिक आहे.

६. यंत्राला सांगण्याची रीत

युनिकोड या संकेतप्रणालीत या निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी चिन्हे आहेत. नेहमीच्या कळीवरची रेघ स्थिर रेघेसाठी पुरते. तिच्यानंतर यंत्र ओळ मोडू शकते. रेघेनंतर आकडा आला तर सामान्य नियमानुसार तेथे मोड होत नाही; परंतु सर्वच प्रणाली हा नियम सारख्या काटेकोरपणे पाळतील यावर विसंबू नये. मोकळ्या जागेनंतर शब्दारंभी येणारी रेघ तिच्या अक्षरापासून तोडू नये, असा नियमही अलीकडच्या आवृत्तीत आला आहे. जुन्या प्रणालींत तो नसतो. व्याकरणविषयक मजकुरात म्हणून ‘न तुटणारे संयोगचिन्ह’ हे स्वतंत्र चिन्ह वापरणे इष्ट. अनेक देवनागरी अक्षरसंचांत मात्र हे चिन्ह नसते आणि यंत्र ते दुसऱ्या अक्षरसंचातून उसने आणते; मग ती रेघ आखूड किंवा जाड दिसते. अशा वेळी साधी रेघ देऊन तिच्यापुढे ‘शब्दजोडक’ हे अदृश्य चिन्ह द्यावे. रेघ तीच राहते आणि ओळही मोडत नाही. अध्याहृत रेघेनंतर नेहमीच्या मोकळ्या जागेऐवजी न तुटणारी मोकळी जागा द्यावी.

प्रासंगिक रेघेसाठी ‘मृदू संयोगचिन्ह’ आहे. ते शब्दात योग्य सांध्यावर पेरून ठेवले म्हणजे एरवी दिसत नाही आणि ओळ तेथे मोडली तरच रेघ उमटते. त्याचा एक दोष सांगितला पाहिजे. मजकूर उतरवून घेतल्यास ही अदृश्य चिन्हे त्यातच राहतात, आणि पुढे शोध घेताना शब्द सापडत नाही. म्हणून ती छपाईच्या प्रतीत द्यावीत व संग्रहात ठेवावयाच्या प्रतीतून काढून टाकावीत. हाताने कधीही साधी रेघ देऊन शब्द मोडू नये. स्तंभाची रुंदी किंवा अक्षराचा आकार बदलला की ती रेघ ओळीच्या मध्यभागी येऊन बसते. वृत्तपत्रांत ओळीच्या मधोमध ‘महा-राष्ट्र’ असे छापलेले दिसते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

मराठीसाठी आपोआप शब्द मोडणारे साचेही आज उपलब्ध आहेत. परंतु ते मुख्यत्वे अक्षराची सीमा पाहतात. वरील (अ) नियम ते पाळतात. (इ) व (ई) हे नियम पाळण्यास शब्दाची घडण व अर्थ कळावे लागतात. तेथे संपादकाने अपवादांची यादी देणे हाच मार्ग आहे. एखाद्या ग्रंथात वारंवार येणारे शे-दोनशे लांब शब्द, त्यांच्या योग्य मोडींसह, आरंभीच लिहून दिले तर बहुतेक काम भागते.

७. नोंद राखण्याचा प्रश्न

आतापर्यंत वाचकाच्या सोयीचा विचार झाला. त्याहून मोठा प्रश्न नोंदीचा आहे. जुनी पुस्तके आज यंत्राने वाचून संगणकात उतरविली जातात. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाच्या आश्रयाखाली भारतीय भाषांच्या मजकुराचे मोठे संग्रह सिद्ध झाले आहेत आणि कोशरचना, व्याकरण, यांत्रिक भाषांतर ही कामे अशा संग्रहांवर उभी राहतात. उतरविताना ओळीच्या शेवटची रेघ दिसली की यंत्रापुढे दोनच वाटा असतात. सर्व रेघा काढाव्यात तर ‘ने-आण’ चे ‘नेआण’ होते. सर्व ठेवाव्यात तर ‘हळूहळू’ चे ‘हळू-हळू’ होते, आणि मराठीत हा शब्द रेघेनेही लिहीत असत असा खोटा पुरावा तयार होतो.

अमेरिकेत १९६० नंतर हॉथॉर्न, मेल्व्हिल आदी लेखकांच्या चिकित्सक आवृत्त्या निघाल्या, तेव्हा संपादकांनी या अडचणीवर एक सरळ उपाय योजला. मूळ प्रतीत ओळीच्या टोकाशी आलेल्या संदिग्ध रेघांचे आपण काय केले आणि आपल्या आवृत्तीत ओळीच्या टोकाशी आलेल्या कोणत्या रेघा लेखकाच्या म्हणून राखावयाच्या, अशा याद्या त्यांनी ग्रंथाच्या शेवटी दिल्या. पोलिश व पोर्तुगीज लेखनात याहून सोपी रीत आहे. शब्दाची स्वतःची रेघ ओळीच्या टोकाशी आली तर ती पुढील ओळीच्या आरंभी पुन्हा छापतात. दोन रेघा दिसल्या म्हणजे एक शब्दाची, एकच दिसली म्हणजे ओळीची. वाचकाला शंका उरत नाही. मराठीतील कोश, व्याकरणे व चिकित्सक आवृत्त्या यांपुरती तरी ही रीत आपण स्वीकारावी, अशी या लेखाची सूचना आहे. सर्वसाधारण पुस्तकांत तिची गरज नाही.

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. ओळीच्या टोकाशी ‘ग्राम-’ असे छापलेले आढळल्यास अभ्यासकाने काय करावे? प्रथम त्याच मजकुरात हा शब्द ओळीच्या मध्यभागी कोठे आला आहे ते पाहावे. तेथे जे रूप असेल तेच टोकाशीही मानावे. मध्यभागी तो कोठेच नसेल तर त्याच लेखकाचे, त्याच नियतकालिकातले, त्याच वर्षातले इतर लेखन पाहावे. तेथेही निर्णय झाला नाही तर शब्द संदिग्ध म्हणून नोंदवावा; आपल्या पसंतीचे रूप त्यावर लादू नये. जुन्या मजकुराच्या बाबतीत आपल्या हाती एवढेच आहे.

आज जो मजकूर आपण छापीत आहोत त्याच्या बाबतीत मात्र याहून पुष्कळ अधिक आपल्या हाती आहे. आजही मराठीत नवे सामासिक शब्द घडत आहेत आणि त्यांच्या मधली रेघ कधी येते, कधी गळते. पन्नास-साठ वर्षांनी कोणी अभ्यासक त्या शब्दांचा माग काढू लागेल, तेव्हा त्याच्यासमोर आपली छापील पानेच असतील. लेखकाची रेघ कोणती आणि ओळीची कोणती, हे त्याला कळावे एवढी व्यवस्था आपण आज करून ठेवली पाहिजे.